वेव्हगाइडच्या रांगेतला सोलिटॉन संगणकावर शोधायचा आणि पारखायचा कसा

एम.एस्सी.च्या प्रकल्प अहवालांत एक चित्र हमखास दिसतं. वेव्हगाइडच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या अरुंद वाटांच्या, रांगेत मधोमध गॉसियन झोत सोडलेला, पॉवर वाढवत नेलेली, झोत पसरायचा थांबलेला आणि खाली ओळ, ‘डिस्क्रीट सोलिटॉन मिळाला’. सोलिटॉन म्हणजे अरेषीयतेच्या जोरावर आकार न बदलता पुढे जाणारा झोत. बहुतेक वेळा जे मिळालेलं असतं ते सोलिटॉन नसतं. सोलिटॉनभोवती श्वास घेतल्यासारखा लहानमोठा होणारा झोत, बाजूला पळणारं विखुरलेलं तेज आणि रांगेच्या कडेवर आपटून परत आलेला प्रकाश, यांची ती सरमिसळ असते. झोत अरुंद राहिला एवढ्यानं सोलिटॉन सिद्ध होत नाही. तो स्थिर आकार समीकरणातून काढावा लागतो, मग त्याचं स्थैर्य तपासावं लागतं, आणि त्यानंतर तो पुढे सोडून पाहायचा असतो. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो, म्हणून हा लेख क्रमावरच भर देतो.

अरेषीय आवर्ती रचना अनेक प्रकारच्या असतात. इथे सगळ्यात सोपी घेतली आहे: एकमेकांना समांतर, एकसारख्या वेव्हगाइडची रांग आणि कर (Kerr) अरेषीयता, म्हणजे तीव्रतेच्या प्रमाणात वाढणारा अपवर्तनांक. ही एक नीट जमली की द्विमितीय जाळीकडे जाता येतं.

## तयारी

साधा लॅपटॉप, पायथॉन, सोबत नमपाय आणि सायपाय एवढं पुरतं. मॅटलॅब किंवा ऑक्टेव्ह असेल तरी चालेल. एक वही मात्र हवी. प्रत्येक टप्प्यावर मी तपासणीचे आकडे दिले आहेत. तुमचा आकडा त्यांच्याशी जुळल्याखेरीज पुढे जाऊ नका.

समीकरण शब्दांत असं आहे: एखाद्या वेव्हगाइडमधलं क्षेत्र पुढे जाताना दोन कारणांनी बदलतं. दोन्ही शेजाऱ्यांकडून त्यात प्रकाश झिरपतो (हेच कपलिंग), त्याच्या दराला कप्पा (κ) म्हणू. आणि स्वतःच्या तीव्रतेमुळे त्याची फेज फिरते, त्याचा दर गॅमा (γ) गुणिले तीव्रता. प्रत्यक्ष काम सुरू करताना कप्पा आणि गॅमा दोन्ही १ धरा. मग अंतराचं एकक होतं १/कप्पा आणि पॉवरचं एकक होतं कप्पा/गॅमा. वॉट आणि मिलिमीटर शेवटच्या टप्प्यात येतील.

सावधान: सुरुवातीपासून खरी एककं घातली की एका बाजूला १०^−१७ आणि दुसऱ्या बाजूला १०^३ असे आकडे एकाच प्रोग्रॅममध्ये येतात. चूक कुठे आहे ते मग डोळ्यांना दिसतच नाही.

## टप्पा १: आधी अरेषीयता बंद करा

गॅमा शून्य करा, मधल्या एकाच वेव्हगाइडमध्ये १ एवढी पॉवर सोडा आणि झेड (प्रकाशानं पुढे कापलेलं अंतर) = १ पर्यंत चालवा. या प्रश्नाचं अचूक उत्तर माहीत आहे: न क्रमांकाच्या (मधला शून्य क्रमांकाचा) वेव्हगाइडमधली पॉवर म्हणजे न क्रमांकाच्या बेसेल फलनाची २·झेड पाशी असलेली किंमत, तिचा वर्ग.

तपासणी: झेड = १ ला मधल्या वेव्हगाइडमध्ये ०.०५०१, लगतच्या दोघांत प्रत्येकी ०.३३२६, त्यापुढच्यांत प्रत्येकी ०.१२४५ पॉवर हवी. आणखी एक पक्की खूण म्हणजे झेड = १.२०२ ला मधला वेव्हगाइड पूर्ण रिकामा होतो.

इथे मधला वेव्हगाइड याच्या दुप्पट किंवा निम्म्या अंतरावर रिकामा झाला तर शेजाऱ्यांची बेरीज करताना कुठेतरी अर्धा किंवा दोन हा गुणक घुसला आहे. वेगवेगळ्या लेखांत कप्पाची व्याख्या वेगवेगळी असते आणि हा गुणक तिथूनच येतो. आता दुरुस्त केला नाही तर शेवटी काढलेली पॉवर दुप्पट किंवा निम्मी निघेल.

याच टप्प्यावर रांगेची लांबी ठरवून टाका. पसरणारा प्रकाश जास्तीत जास्त २ वेव्हगाइड प्रति एकक अंतर या वेगानं पळतो. १०१ वेव्हगाइडची रांग असेल तर मधून निघालेला प्रकाश झेड = २५ ला कडेवर पोचतो आणि झेड = ५० ला मध्यावर परत येतो. झेड = १०० पर्यंत चालवायचं असेल तर १०१ ची रांग अपुरी आहे. कडेला शोषक थर लावता येतो, पण मग एकूण पॉवर कायम राहते की नाही ही तपासणी हातातून जाते. म्हणून सुरुवातीला रांगच लांब घ्या. ४०१ वेव्हगाइडनंही लॅपटॉपला काही जड जात नाही.

## टप्पा २: म्यू कुठे घ्यायचा

सोलिटॉनचा आकार बदलत नाही, फक्त सगळ्या वेव्हगाइडची फेज एकाच दरानं फिरते. त्या दराला म्यू (μ) म्हणू. स्थिर आकार उ(न) साठी समीकरण असं होतं:

−म्यू·उ(न) + उ(न+१) + उ(न−१) + उ(न)^३ = ०

अरेषीयतेशिवाय या रांगेत −२ ते +२ एवढ्याच म्यूच्या लाटा चालतात. हा तिचा पट्टा. म्यू या पट्ट्याच्या आत घेतला तर कडेची शेपूट विझतच नाही, लाट होऊन दूरवर पसरते. तरीही न्यूटनची पद्धत (अंदाज पावलापावलानं सुधारत समीकरण सोडवण्याची) काहीतरी आकार काढून देते. रांग मर्यादित असल्यामुळे तो कडेला टेकलेला असतो आणि रांगेची लांबी बदलली की आकारही बदलतो. असल्या आकाराला सोलिटॉन म्हणू नका.

केंद्रित करणाऱ्या माध्यमात, म्हणजे गॅमा धन असताना, म्यू २ पेक्षा मोठा हवा. विकेंद्रित करणाऱ्या माध्यमात तो −२ पेक्षा लहान हवा, आणि तिथे शेजारशेजारच्या वेव्हगाइडची चिन्हं आलटूनपालटून उलटी येतात. या दुसऱ्या प्रकारासाठी वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. एकाआड एक वेव्हगाइडचं चिन्ह उलटं करा, गॅमा −१ करा, म्यूचं चिन्ह बदला. म्यू = ५ चा सोलिटॉन म्यू = −५ चा होतो, पॉवर शेवटच्या अंकापर्यंत तीच राहते.

पहिल्यांदा म्यू = ५ घ्या. तो पट्ट्यापासून पुरेसा दूर आहे, आकार अरुंद येतो, आणि खालचे सगळे आकडे त्याचेच आहेत.

## टप्पा ३: पहिला अंदाज

बहुतेकांचं काम इथेच फसतं, म्हणून हा टप्पा सावकाश घेऊ.

न्यूटनची पद्धत जवळच्या उत्तराकडे ओढ घेते. आपल्या समीकरणाला उत्तरं मात्र पुष्कळ आहेत, आणि ‘सगळं शून्य’ हेही त्यातलंच एक. त्यामुळे गणकाला तुमच्या मनातलं उत्तर हवं असेल तर सुरुवात त्याच्या जवळून करावी लागते.

जवळचा अंदाज कपलिंग नसलेल्या रांगेतून मिळतो. वेव्हगाइड एकटाच असेल तर समीकरण उरतं −म्यू·उ + उ^३ = ०, म्हणजे उ = √म्यू. म्हणून:

वेव्हगाइडवर केंद्र असलेल्या सोलिटॉनसाठी मधल्या वेव्हगाइडमध्ये √५, म्हणजे २.२३६, आणि बाकी सगळीकडे शून्य.

दोन वेव्हगाइडच्या मधोमध केंद्र असलेल्या सोलिटॉनसाठी लगतच्या दोन वेव्हगाइडमध्ये प्रत्येकी √(म्यू−१) = २, दोन्ही धन, बाकी शून्य.

या दोन वेगळ्या जाती आहेत. दुसरीत एकाचं चिन्ह उलटं दिलंत तर तिसरीच, पिळलेली जात मिळते. तीही खरी आहे, पण तिच्या गुणांची या दोघींशी तुलना करू नका.

गॉसियन अंदाज का देऊ नये, हे एकट्या वेव्हगाइडच्या उदाहरणावर बघू. म्यू = ५ असताना न्यूटनचं एक पाऊल म्हणजे नवा उ = २·उ^३ / (३·उ^२ − ५). आता उ = १ पासून सुरू करा: २ भागिले −२, उत्तर −१. पुढच्या पावलाला परत +१. हे जन्मभर चालेल. उ = ०.५ पासून सुरू केलं तर पहिल्याच पावलात −०.०५९ आणि मग सरळ शून्य. उ = १.२ दिला तर −५.०८ वर उडी मारून शेवटी उलट्या चिन्हाच्या उत्तराला चिकटतो. म्हणजे उंची √(म्यू/३), इथे १.२९, याखाली असेल तर काय मिळेल याचा भरवसा नाही. बुटका, रुंद गॉसियन दिल्यावर ‘न्यूटन चालत नाही’ अशी तक्रार होते, तिचं कारण बहुधा हेच असतं.

## टप्पा ४: न्यूटन चालवा

प्रत्येक पावलाला तीन गोष्टी करायच्या: वरच्या समीकरणाच्या डाव्या बाजूची शिल्लक प्रत्येक वेव्हगाइडसाठी काढायची, जेकोबियन (प्रत्येक उ बदलल्यावर शिल्लक किती बदलते ते सांगणारा मॅट्रिक्स) बांधायचा, आणि रेषीय समीकरणसंच सोडवून दुरुस्ती करायची. जेकोबियनच्या कर्णावर −म्यू + ३·उ(न)^२, कर्णाच्या लगत वर-खाली १, बाकी शून्य. तो त्रिकर्णी असल्यानं सायपायमधला पट्टा-मॅट्रिक्स सोडवणारा गणक वापरा. मॅट्रिक्सचा व्यस्त काढत बसू नका.

सावधान: कर्णावर ३·उ^२ ऐवजी उ^२ लिहिलं जाणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि तिची लक्षणं फसवी असतात. तसं लिहिलं की शिल्लक म्हणजे नेमका तो मॅट्रिक्स गुणिले उ एवढीच होते. मग दुरुस्तीही उ एवढीच येते आणि पहिल्याच पावलात सगळं शून्य. गणक ‘उत्तर सापडलं, शिल्लक शून्य’ असं समाधानानं सांगतो. एका पावलात शून्य आलं की सरळ कर्णाकडे बघा.

उ वास्तव ठेवा. संमिश्र ठेवलात तर फेज कुठलीही चालते, त्यामुळे जेकोबियन उत्तरापाशी व्यस्तहीन होतो आणि दुरुस्त्या भरकटतात.

दर पावलाला सगळ्यात मोठी शिल्लक छापा. शेवटच्या पावलांत ती १०^−३, १०^−६, १०^−१२ अशी झपाट्यानं उतरली पाहिजे, शून्यांची संख्या दर वेळी सुमारे दुप्पट. ती दहापट-दहापट अशी सावकाश उतरत असेल तर उत्तर येईलही, पण जेकोबियन चुकला आहे. तो दुरुस्त करा, कारण पुढे स्थैर्यासाठी याच मॅट्रिक्सची भावंडं लागणार आहेत.

तपासणी, म्यू = ५:

वेव्हगाइडवर केंद्र: मधला २.१३६, लगतचे ०.४६७, त्यापुढचे ०.०९८. एकूण पॉवर, म्हणजे वर्गांची बेरीज, ५.०१९.

मधोमध केंद्र: मधले दोन १.९४५, त्यांच्या लगतचे ०.४२२. एकूण पॉवर ७.९३८.

यानंतर आकाराचा लॉगरिदमिक आलेख काढा. दोन्ही बाजूंची शेपूट सरळ रेषेत उतरली पाहिजे, आणि दूरच्या लागोपाठच्या वेव्हगाइडचं गुणोत्तर ०.२०८७ हवं. ही किंमत तुकड्यातुकड्यानं पटवून घ्यायची असेल तर दूरच्या शेपटीत घन पद नगण्य असतं, त्यामुळे गुणोत्तर अधिक त्याचा व्यस्त बरोबर ५ होतो. हे वर्गसमीकरण वहीत दोन ओळींत सुटतं. शेपूट १०^−१६ च्या आसपास सपाट झाली तर ती गणकाची मर्यादा आहे, ठीक आहे. १०^−४ पाशीच सपाट झाली तर कुठेतरी चूक आहे.

## टप्पा ५: एका सोलिटॉनवरून पूर्ण कुळाकडे

एक सोलिटॉन मिळाला की म्यू थोडा कमी करा, जुनं उत्तर अंदाज म्हणून द्या, न्यूटन चालवा. ५ वरून ४.९, मग ४.८, असं २.१ पर्यंत या. प्रत्येक ठिकाणी पॉवर नोंदवा आणि म्यूविरुद्ध आलेख काढा.

पट्ट्याच्या कडेजवळ सोलिटॉन रुंद होत जातो आणि पॉवर ४·√(म्यू−२) च्या जवळ येते. म्यू = २.१ ला १.२६ च्या आसपासचा आकडा हवा, काही टक्क्यांचा फरक चालेल. दोन्ही जातींची पॉवर इथे जवळजवळ एकच येते, तेही बरोबर आहे. सोलिटॉन इतका रुंद असतो की केंद्र वेव्हगाइडवर आहे की मधे, याला फारसा अर्थ राहत नाही.

याच कारणानं म्यू २ कडे सरकला की न्यूटन घसरू लागतो: उत्तर डावीउजवीकडे सरकवल्यानं शिल्लक बदलतच नाही. उपाय सोपा आहे. सममिती गृहीत धरून अर्धीच रांग सोडवा आणि मग तिचं प्रतिबिंब जोडा. रांगेची लांबीही तपासा. म्यू = २.०१ ला सोलिटॉनची रुंदी १० वेव्हगाइडच्या घरात जाते, तिथे १०१ ची रांग तोकडी पडते.

## टप्पा ६: स्थैर्य

पॉवर म्यूबरोबर वाढते म्हणून सोलिटॉन स्थिर, असं अनेक अहवालांत लिहिलेलं असतं. हा निकष एकट्यानं पुरत नाही, आणि आपलंच उदाहरण त्याचा पुरावा आहे. मधोमध केंद्र असलेल्या जातीचीही पॉवर म्यूबरोबर वाढतच जाते, तरी ती अस्थिर आहे. म्हणून आयगेनमूल्यं काढल्याशिवाय स्थैर्याबद्दल लिहू नका. लहानसं विघ्न पुढे कसं वागेल ते ती सांगतात: धन वास्तव भाग म्हणजे विघ्न वाढत जातं, निव्वळ काल्पनिक मूल्य म्हणजे ते नुसतं डोलतं.

दोन मॅट्रिक्स बांधा. पहिल्याच्या कर्णावर म्यू − ३·उ^२, दुसऱ्याच्या कर्णावर म्यू − उ^२, दोन्हींत कर्णालगत −१. त्यांतून दुप्पट आकाराचा मॅट्रिक्स असा जुळवा: वर डावीकडे शून्य, वर उजवीकडे दुसरा, खाली डावीकडे उणे पहिला, खाली उजवीकडे शून्य. याची आयगेनमूल्यं सर्वसाधारण गणकानं काढा. सममित मॅट्रिक्ससाठीचा जलद गणक इथे चालत नाही. तो अर्धाच त्रिकोण वाचतो आणि बिनतक्रार चुकीचे आकडे देतो.

निकालाचं वाचन:

काल्पनिक अक्षावर ३ ते ७ आणि −३ ते −७ मधे दाटीनं बसलेली मूल्यं दिसली पाहिजेत (म्यू−२ ते म्यू+२). ती नसतील तर मॅट्रिक्स चुकला.

शून्यापाशी एक जोडी हवीच, ती फेजच्या मोकळीकीची. पण गणकात ती नेमकी शून्य येत नाही. हे दुहेरी मूळ असल्यानं १०^−१६ ची गोळाबेरीज तिथे वर्गमुळात जाऊन १०^−८ होते. सोलिटॉनची शिल्लक १०^−१२ पर्यंतच उतरवली असेल तर १०^−६ सुद्धा. एवढ्या वास्तव भागाला अस्थैर्य समजू नका. १०^−५ च्या वर काही दिसलं तरच विचार करा.

वेव्हगाइडवर केंद्र असलेल्या सोलिटॉनसाठी बाकी सगळी मूल्यं काल्पनिक अक्षावर येतात, म्हणजे तो स्थिर. मधोमध केंद्र असलेल्यासाठी वास्तव अक्षावर एक जोडी बाहेर पडते, म्यू = ५ ला सुमारे ±३.३. त्या जोडीचा आयगेनव्हेक्टर काढून पाहा. दोन मधल्या वेव्हगाइडवर तो विरुद्ध चिन्हांचा असतो. म्हणजे एकीकडचा प्रकाश दुसरीकडे ढकलला जाणं, हेच त्या सोलिटॉनचं मोडणं.

## टप्पा ७: पुढे सोडून पाहा

आता प्रसारण. विभागलेल्या पावलांची पद्धत घ्या: अर्धं अरेषीय पाऊल, एक पूर्ण रेषीय, पुन्हा अर्धं अरेषीय. अरेषीय पावलात प्रत्येक वेव्हगाइडची फेज त्याच्या तीव्रतेच्या प्रमाणात फिरवायची. रेषीय पावलासाठी कपलिंग मॅट्रिक्सचा घातांक एकदाच काढून ठेवा, लूपच्या आत काढू नका. फूरिए रूपांतर वापरलंत तर रांग वर्तुळाकार होते आणि उजवीकडून गेलेला प्रकाश डावीकडून आत येतो, हे लक्षात ठेवा.

पावलाची लांबी अशी धरा की एका पावलात सर्वाधिक तीव्रतेमुळे फिरणारी फेज ०.१ रेडियनच्या खाली राहील. आपल्या सोलिटॉनची सर्वोच्च तीव्रता ४.५६ आहे. पाऊल ०.०१ घेतलं तर ०.०४६, ठीक.

सावधान: या पद्धतीत एकूण पॉवर पावलाची लांबी काहीही असली तरी कायम राहते, कारण दोन्ही पावलं पॉवर जपणारीच आहेत. ‘पॉवर १०^−१३ पर्यंत कायम राहिली, म्हणून गणन अचूक’ हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे. प्रवासात कायम राहायला हवी अशी दुसरी राशी, हॅमिल्टोनियन, तपासा: लगतच्या वेव्हगाइडच्या गुणाकारांतून येणारं कपलिंगचं पद, अधिक तीव्रतेच्या वर्गांच्या बेरजेचा अर्धा. आणि पाऊल निम्मं करून चूक चौपटीनं घटते का ते बघा.

टप्पा ४ मधला वेव्हगाइडवरचा सोलिटॉन झेड = २० पर्यंत सोडा. आकार हलता कामा नये, आणि मधल्या वेव्हगाइडची फेज झेडविरुद्ध काढली तर चढ ५ यायला हवा. दूरच्या वेव्हगाइडचा चढही तोच हवा. आकार टिकला पण चढ वेगवेगळे आले, तर तुमच्या हातात सोलिटॉन नाही.

मधोमध केंद्र असलेल्यासाठी एक सापळा आहे. काहीच विघ्न न घालता सोडला तर तो झेड = ५ किंवा ८ पर्यंत अगदी शांत दिसतो. कारण विघ्न फक्त १०^−१६ चं असतं आणि ३.३ च्या दरानं त्याला मोठं व्हायला झेड = ११ लागतो. प्रोग्रॅम पूर्ण सममित असेल तर त्यानंतरही सोलिटॉन मोडत नाही. म्हणून मुद्दाम असममित विघ्न घाला, उंचीच्या १०^−६ एवढं. मग झेड = ४ च्या आसपास प्रकाश एका बाजूला कलंडतो आणि मागेपुढे डोलत राहतो. विचलनाचा लॉगरिदम झेडविरुद्ध काढा. सरळ भागाचा चढ टप्पा ६ मधल्या ३.३ शी जुळला की दोन स्वतंत्र मार्गांनी एकच उत्तर आलं. अहवालात हा आलेख जरूर द्या.

## टप्पा ८: प्रयोगासारखी सुरुवात

प्रयोगात कुणी तयार सोलिटॉन सोडत नाही. एका वेव्हगाइडमध्ये प्रकाश घालतात आणि पॉवर वाढवत नेतात. तसंच गणन आता करा, कारण आता निकाल वाचायला तुमच्याकडे कुळाचा आलेख आहे.

किती पॉवरला प्रकाश अडकून राहील याचा एक भक्कम हिशोब हॅमिल्टोनियनवरून निघतो. सुरुवातीला त्याची किंमत पॉवरच्या वर्गाच्या निम्मी असते. प्रकाश पूर्ण पसरला तर तीव्रतेचं पद शून्याकडे जातं आणि कपलिंगचं पद पॉवरच्या दुपटीपेक्षा मोठं होऊ शकत नाही. म्हणून पॉवर ४ पेक्षा जास्त असेल तर पूर्ण पसरणं अशक्यच. ४ च्या खाली काय होईल हे हा हिशोब सांगत नाही, ते गणनानंच बघायचं.

पॉवर ६ घालून झेड = १०० पर्यंत चालवा. थोडा प्रकाश बाजूला पळेल, उरलेला मधे धडधडत राहील. मधल्या काही वेव्हगाइडमधली पॉवर आणि फेजचा चढ मोजा आणि ही जोडी टप्पा ५ च्या आलेखावर टाका. रेषेजवळ पडली तर ‘प्रकाश सोलिटॉनच्या दिशेनं निवळला’ असं म्हणता येईल. त्यासाठी रांग पुरेशी लांब घेतली आहे ना, ते आधी बघा.

## टप्पा ९: वॉट आणि मिलिमीटर

उदाहरण ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचं घेऊ. १९९८ साली आयझेनबर्ग, सिल्बरबर्ग आणि सहकाऱ्यांनी याच पदार्थातल्या ४१ वेव्हगाइडच्या, ६ मिलिमीटर लांबीच्या रांगेत डिस्क्रीट सोलिटॉन दाखवला. तरंगलांबी १.५३ मायक्रॉन होती. तिथे फोटॉनची ऊर्जा बँडगॅपच्या (इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात ढकलायला लागणाऱ्या ऊर्जेच्या) निम्म्याहून कमी राहते, त्यामुळे द्वि-फोटॉन शोषण, म्हणजे दोन फोटॉन एकदम गिळले जाणं, टळतं.

कप्पा दोन वेव्हगाइडच्या चाचणीतून मिळवा. एकातून दुसऱ्यात पूर्ण प्रकाश जायला लागणारं अंतर म्हणजे पाय (π) भागिले २·कप्पा. समजा कप्पा ०.५ प्रति मिलिमीटर आहे, तर ते अंतर ३.१४ मिलिमीटर. आणि ६ मिलिमीटरची रांग म्हणजे आपल्या एककात फक्त झेड = ३. एवढ्याशा प्रवासात सोलिटॉन पूर्ण निवळत नाही, त्यामुळे प्रयोगाशी तुलना झेड = ३ च्या चित्राशीच करा.

गॅमा = २·पाय·एन-टू भागिले (तरंगलांबी × परिणामी क्षेत्रफळ). एन-टू म्हणजे तीव्रतेमागे अपवर्तनांक किती वाढतो तो गुणांक, परिणामी क्षेत्रफळ म्हणजे वेव्हगाइडमधला प्रकाश जेवढ्या जागेत मावतो ते. एन-टू सुमारे १.५ × १०^−१७ चौरस मीटर प्रति वॉट आणि क्षेत्रफळ १५ चौरस मायक्रॉन धरलं तर गॅमा सुमारे ४.१ प्रति वॉट प्रति मीटर येतो. कप्पा ५०० प्रति मीटर, म्हणजे पॉवरचं एकक १२२ वॉट. म्यू = ५ च्या सोलिटॉनला ५.०१९ गुणिले १२२, सुमारे ६१० वॉट. १९९८ च्या प्रयोगात सुमारे ५०० वॉटला प्रकाश एका जागी गोळा झाला होता. क्षेत्रफळ आणि कप्पा मी उदाहरणादाखल धरले आहेत, तरी आकडा त्याच घरात येतो.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. एन-टू बऱ्याच जागी चौरस सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो, तो तसाच घातला की पॉवर दहा हजारपट चुकते. दुसरी चूक सरासरी आणि शिखर पॉवरची. १०० फेमटोसेकंदांच्या स्पंदनांचं शिखर ५०० वॉट आणि दर ८० मेगाहर्ट्झ असेल तर पॉवर मोजणारा मीटर फक्त ४ मिलिवॉट (सरासरी) दाखवतो. तिसरी, स्पंदनाच्या पुढच्या-मागच्या मंद भागांतली पॉवर कमी असते आणि तो प्रकाश रेषीय पद्धतीनंच पसरतो. कॅमेरा सगळ्याची बेरीज दाखवतो, म्हणून चित्रात सोलिटॉनभोवती फिकट पायथा दिसतो. तुलना करायची तर स्पंदनाचे पॉवरनुसार काप करा, प्रत्येक काप वेगळा चालवा आणि तीव्रता बेरजेत घ्या.

सिलिका काचेत एन-टू सुमारे २.६ × १०^−२० चौरस मीटर प्रति वॉट आहे, म्हणजे जवळपास पावणेसहाशे पट कमी. तेच क्षेत्रफळ आणि तोच कप्पा धरला तर ६१० वॉटच्या जागी साडेतीन लाख वॉट लागतील. काचेतल्या रांगेचं नियोजन करताना लेझर ठरवण्याआधी हा गुणाकार करा.

शेवटची तपासणी मॉडेलचीच. ६१० वॉट १५ चौरस मायक्रॉनमध्ये कोंबले की अपवर्तनांक सुमारे ०.०००६ नं वाढतो. वेव्हगाइड आणि भोवतालच्या माध्यमातला अपवर्तनांकाचा फरक याच्या अनेकपट असेल तर वेव्हगाइडची रांग म्हणून केलेला हिशोब टिकतो. दोन्ही एकाच घरात आले तर प्रकाशच वेव्हगाइडचा आकार बदलतो, कप्पा तीव्रतेवर अवलंबून राहतो आणि वरच्या पट्ट्यांतली ऊर्जाही गुंतते. अशा वेळी डिस्क्रीट समीकरण सोडून सलग समीकरण घ्या, ज्यात अपवर्तनांकाचा आवर्ती नकाशा थेट घातलेला असतो. त्याचे पट्टे आणि फटी आधी ब्लॉखच्या (आवर्ती माध्यमातल्या लाटा काढण्याच्या) पद्धतीनं काढा, आणि टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा.